सात नंबरची नळी

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे माझ्याच हातून घडलंय. सिंगापूरच्या आमच्या लॅबमध्ये, गेल्या मार्चमधल्या एका सोमवारी, भर दुपारी.

मी सविता. ताकही फुंकून पिणारी बाई. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

बर्ड फ्लू होऊन गेलाय का, हे रक्तातल्या अँटीबॉडी पाहून सांगणारी आमची टेस्ट. ती कधी कधी निरोगी माणसालाही 'हो' म्हणायची. ते थांबवायचं काम माझं. नाही जमलं तर प्रोजेक्ट बंद, आणि माझा इथे राहून काम करायचा पासही गेला.

पडताळणीला निरोगी रक्त लागतं, म्हणून आम्ही लॅबवाल्यांनी आपलंच दिलं होतं. सात नंबरची नळी माझा सहकारी श्रीनिवासची. "शुद्ध पुणेरी रक्त आहे, टेस्टच चुकेल!" म्हणायचा.

जानेवारीत तो हार्ट अटॅकने गेला. बेडोकच्या त्याच्या फ्लॅटवरून त्याला नेलं, तेव्हा मी होते.

नळी फ्रीझरमध्येच राहिली. तिचा अँटीबॉडीचा आकडा शून्य होता.

फेब्रुवारीत आला... वीस.

मग चाळीस.

मग ऐंशी.

अहो, अँटीबॉडी जिवंत शरीरात वाढतात! नळीत कशा वाढतील?

मला संशय आला अमेयचा. श्रीनिवासच्या जागी आलेला. हाच मेला नळ्या बदलतोय! मी फ्रीझरला कुलूप घातलं, किल्ली माझ्याकडेच ठेवली.

त्या सोमवारी तो रजेवर होता. मी एकटीच.

फ्रीझर उघडला. त्याची घरघर... थांबली.

सगळ्या नळ्यांवर बर्फ होता. सातवर... नव्हता.

हातात घेतली. कोमट लागली हो!

टेस्ट केली. एकशे साठ. बाकी सगळ्या शून्य.

आमच्या बॉस मिस लिम फोनवर त्यांच्या सिंगापुरी ढंगात म्हणाल्या, "सॅम्पल खराब झालंय. डिस्कार्ड इट, लाह."

म्हणजे मशीनमध्ये घालून उकळायची. ती गेली की टेस्ट अचूक, माझा पास पक्का.

नळी मशीनमध्ये ठेवली. झाकण लावलं. बटणावर बोट ठेवलं...

आणि मनात आलं, अँटीबॉडी वाढतायत म्हणजे कुणीतरी अजून आजाराशी झुंजतंय. त्याला मी उकळू?

आतून... टक्.

नाही झालं माझ्याच्याने.

कागदावर 'नष्ट केली' लिहून सही ठोकली. टेस्ट पास झाली. नळी अजून फ्रीझरच्या तळाशी आहे.

"सविताताई, काय लपवलंय हो तिथे?" अमेय विचारतो. आता तो माझ्याकडे संशयाने बघतो.

मी पुन्हा आकडा काढला नाही. वाढलेला असेल म्हणून घाबरते.

आणि शून्य आला तर... याला जास्त घाबरते.