डाव्या स्टिअरिंगची गाडी

ही घडलेली गोष्ट आहे. ऐकीव नव्हे, ज्याच्यावर गुदरली, त्यानंच सांगितलेली. उल्हास थापा मारणाऱ्यातला नाही, आणि मारुतीची शपथ घेऊन तर मुळीच नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. आधी ऐकून तर घ्या.

साल दोन हजार वीस. एप्रिल महिना. हनुमान जयंतीची संध्याकाळ.

गाव कालगुर्ली. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं, लाल मातीतलं सोन्याच्या खाणीचं गाव. उल्हास तिथे खाणीत मेकॅनिकल इंजिनिअर. मूळचा पुण्याचा.

त्या दिवसांत तो थकला होता. नुसता थकला नव्हता, पार पिळून निघाला होता. करोनामुळे राज्याच्या सीमा बंद, बाहेरून विमानानं येणारी माणसं अडकलेली. उरलेल्यांनी डबल शिफ्ट ओढायची. घरी यायचं, बूट काढता काढता डुलकी लागायची.

आणि घरात विनीता. त्याची बायको. आठवा महिना लागत होता.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. "बाळाची वार खाली आहे. रक्तस्राव सुरू झाला तर इथे निभावणार नाही. शनिवारी पर्थला जाऊन तिथेच राहा."

पर्थ सहाशे किलोमीटर. विमानं जवळजवळ बंद. त्यांच्या छोट्या गाडीला मार्चमध्येच कांगारू धडकलेलं, तिचे पार्ट कुठल्या तरी बंदरात अडकून पडलेले.

राहिली एकच गाडी.

शेजारच्या मॉरीनबाईंची. जुनी, लांबलचक, अमेरिकेहून आणलेली. आठ सिलिंडरचं इंजिन आणि स्टिअरिंग डावीकडे. त्यांचा नवरा गेल्या उन्हाळ्यात वारला. तेव्हापासून गाडी शेडमध्ये धूळ खात उभी होती.

"घेऊन जा रे, मेट," मॉरीनबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. दीड मीटर लांब उभ्या राहून. "फक्त उजव्या सीटची स्प्रिंग मोडली आहे. बायकोला मागे बसव."

गाडी सुरू झाली. सपाट रस्त्यावर बरी चालली. पण जरा चढ आला की खोकायची, आचके द्यायची आणि मरायची.

"ही म्हैस मला पर्थला नेणार?" विनीता पोटावर हात ठेवून हसली. "त्यापेक्षा मीच हिला ओढत नेते."

"दोन दिवस दे. पळवून दाखवतो."

"पळव बाबा. फक्त बाळ रस्त्यात नको."

ती हसतच म्हणाली. पण हात पोटावरच होता.

गॅरेजं बंद. नवीन पार्ट मिळणं अशक्य. जे हाताशी होतं त्यातच भागवायचं होतं. शिफ्टवरून आला की तो तासभर गाडीखाली. शिळं पेट्रोल काढून टाकलं. एअर फिल्टर धुळीनं पार गच्च झाला होता, तो झटकून साफ केला. काळे पडलेले प्लग घासले. कार्बोरेटर खोलून धुतला. एक रबरी नळी चिरली होती आणि तिथून इंजिन भलतीच हवा ओढत होतं. खाणीतल्या भंगारातला तुकडा आणून बसवला.

फरक पडला. पण चढावर खोकला होताच.

आता राहिलं होतं टायमिंग. ठिणगी नेमकी कधी पडते, ती वेळ जुळवायची. हे काम दोघांचं. एकानं आत बसून अॅक्सिलरेटर दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं बॉनेटखाली वाकून, कान देऊन, ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा. मशीन नसेल तर सगळं कानावर.

"मी बसते," विनीता म्हणाली. "पाय तर चालतोय ना माझा. हो पुढे, चहा संपवून आलेच."

तो शेडमध्ये गेला. इंजिन सुरू केलं. बॉनेट उघडून खाली वाकला.

मोबाईल मडगार्डवर ठेवला आणि कीर्तन लावलं.

भास्करबुवांचं. उल्हास लहानपणापासून त्यांची कीर्तनं ऐकत आलेला. त्या वर्षी पुण्यातल्या देवळाला कुलूप, म्हणून बुवांनी मारुतिजन्माचं कीर्तन घरीच रेकॉर्ड करून पाठवलं होतं. एकटेच उभे. पेटी नाही, तबला नाही. मागे झील धरायला कुणी नाही. बुवा सवयीनं नामघोषाची ओळ म्हणायचे आणि थांबायचे... मागच्यांनी ती उचलावी म्हणून.

मागे कुणीच नसायचं. तेवढी जागा रिकामी जायची. ऐकताना जीव गलबलायचा.

इतक्यात गाडीचं दार लागलं.

धप्प.

आली वाटतं, उल्हासला वाटलं.

"विनी, जरा वाढव."

इंजिनचा आवाज चढला.

"धर तसाच."

आवाज तिथेच थांबला. एक कणही वर नाही, खाली नाही. इतका सराईत पाय! त्याला कौतुक वाटलं. त्यानं डिस्ट्रिब्युटर हळूच फिरवला. इंजिनातली खरखर कमी झाली.

"अजून थोडा."

चढला.

"सोड."

उतरला.

बुवा ओळ म्हणून थांबले...

आणि ती रिकामी जागा भरली.

गाडीतून कुणीतरी गुणगुणत होतं. हं... हं हं... शब्द येत नसलेल्या माणसानं नुसती चाल धरावी तसं. सूर खालचा, घोगरा.

"घसा बसलाय का गं?" त्यानं वाकूनच विचारलं.

गुणगुणणं चालूच राहिलं.

बॉनेट आणि काच यांच्यामध्ये एक फट होती. त्यानं सहज मान तिरकी करून पाहिलं. उजव्या सीटवर कुणीतरी बसलं होतं. काचेवर धूळ, चेहरा दिसत नव्हता. मान खाली, जरा पुढे वाकलेली. इंजिन ऐकत असल्यासारखी.

"शाब्बास. आता एकदा जोरात."

इंजिन गरजलं. एक आचका नाही, खोकला नाही. शेडचे पत्रे थरथरले.

आणि तेवढ्यात... घराच्या खिडकीतून आवाज आला.

"उल्हास, अरे थांब की! माझी चप्पल सापडत नाहीये. मी आल्याशिवाय सुरू काय केलंस?"

विनीताचा आवाज. स्वयंपाकघरातून.

त्याचा हात डिस्ट्रिब्युटरवरच गोठला.

इंजिन अजून गरजतच होतं. कुणीतरी दाबून धरलं होतं.

"सोड..." तो पुटपुटला.

आवाज उतरला. अगदी हळू... पाय अलगद उचलावा तसा.

तो बाजूने गेला. दार उघडलं.

कुणी नाही. सीटवरची धूळ जशीच्या तशी.

मग त्याच्या लक्षात आलं.

जन्मभर उजवीकडे बसून गाडी चालवलेला माणूस. उजवीकडे कुणी दिसलं की चालवणारं तेच, असं तो धरून चालला होता. पण या गाडीत उजवीकडे काहीच नव्हतं. स्टिअरिंग नाही. पेडल नाही.

उजवीकडे जे बसलं होतं, त्याच्या पायाशी अॅक्सिलरेटर नव्हताच.

मग दाबत कोण होतं?

विनीता चप्पल घालून दारात आली. "काय रे? पांढराफटक का पडलास?"

"काही नाही. जमलं टायमिंग."

"माझ्याशिवाय? मग मी फुकटच उठले," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं नाही. सांगून काय करणार? दुसरी गाडी कुठून आणणार?

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी धुतली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, डॅशबोर्डला शेंदराचं बोट लावलं. हात जोडून एवढंच म्हणाला, "जो कुणी असशील, तिला नीट पोचव."

शनिवार उजाडला. आदल्या रात्रीची शिफ्ट संपवून उल्हास तसाच निघाला. विनीता मागच्या सीटवर, उशा लावून आडवी. उजवी सीट रिकामी.

गाडी चढ चढली. एकदाही न खोकता.

"म्हशीचा घोडा केलास की रे!" मागून आवाज आला.

वाटेत पोलिसांचा नाका लागला. एका भागातून दुसऱ्या भागात जायला कागद लागायचा. उल्हासनं डॉक्टरांचं पत्र हातात काढून ठेवलं.

पोलीस उजव्या खिडकीकडे गेला. साहजिकच होतं, त्या देशात सगळे ड्रायव्हर तिकडेच बसतात. काच अर्धी उघडी होती. तो वाकला, आत पाहिलं. मान डोलावली. काही ऐकल्यासारखी पुन्हा डोलावली. मग हसला.

"नो वरीज, मेट. काळजी घ्या तिची."

हात हलवून त्यानं गाडी सोडली.

पत्र उल्हासच्या हातातच राहिलं. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं.

पुढे सरळसोट रस्ता. दोन्ही बाजूंना झुडपं. पाठीवर कोवळं ऊन. आठवडाभराची झोप पापण्यांवर येऊन बसलेली. त्यानं गालावर चापट्या मारल्या, पाणी प्यायलं, नामस्मरण केलं.

मागे विनीताचा श्वास संथ लागला होता.

त्याचे डोळे मिटले. एकच क्षण...

उघडले तेव्हा गाडी उभी होती.

एका झाडाखाली. हँडब्रेक ओढलेला. इंजिन बंद. समोर पाटी: मेरेडिन.

शंभराहून अधिक किलोमीटर. त्यातलं एकही त्याला आठवत नव्हतं.

"उठलास?" मागे विनीता संत्रं सोलत बसली होती. "बरं केलंस थांबून. किती सांभाळून चालवलीस रे! तो लांबलचक ट्रक अंगावर आला तेव्हा माझा जीव गेला होता. तू शांतपणे बाजूला घेतलीस."

त्यानं ओढलेल्या हँडब्रेककडे पाहिलं.

"आणि काय रे, आज एकदम लाडात?"

"म्हणजे?"

"मी कण्हले तेव्हा म्हणालास ना. 'निअरली देअर, लव्ह.'" ती हसली. "आठ वर्षांत मला कधी लव्ह म्हणाला नाहीस. तेही अगदी इथल्या म्हाताऱ्यांसारखं!"

उल्हास दार उघडून उतरला. मग चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं आणि उरलेला रस्ता स्वतः चालवला. डोळ्यांची पापणी न लववता.

पर्थला पोचले. दोन आठवड्यांनी रक्तस्राव झालाच. पण दवाखाना दोन गल्ल्यांवर होता. तनया झाली. आई सुखरूप, लेक सुखरूप.

गाडी मॉरीनबाईंच्या मुलाकडे पर्थलाच सोडली. परतेपर्यंत विमानं सुरू झाली होती. मॉरीनबाईंना त्यानं काही विचारलं नाही. त्यांनीही नाही.

तनया आता शाळेत जाते. गणपतीला चार मराठी घरं जमली की विनीता कौतुकानं सांगते, "हा रात्रभर शिफ्ट करून आला आणि मला एकट्यानं सहाशे किलोमीटर घेऊन गेला. डोळ्याला डोळा लागू दिला नाही." लोक वाहवा करतात. पाठ थोपटतात.

उल्हास मान खाली घालून बसतो. तिला खरं सांगावं असं दर वेळी त्याच्या मनात येतं. पण त्या शंभर किलोमीटरांत आपली बायको आणि पोटातलं लेकरू कुणाच्या हाती होतं, हे तिला सांगायचं तर आधी ते त्याला ठाऊक हवं.

आरतीच्या शेवटी तो सगळ्यांसारखा डोळे मिटून हात जोडतो. बाकीचे खाली बसतात, प्रसाद वाटायला लागतात...

तो एकटाच अजून हात जोडून उभा असतो.