मागांच्या खडखडाटात ऐकू आलेलं हृदय

"कानूला ऐकू येत नसेल, तर त्याचे कान दुरुस्त करून घे ना, आत्या!" नेहल म्हणाली.

"मला ऐकू येतं, नेहल," कानू शांतपणे म्हणाला. "अडचण उलटी आहे. मला फार जास्त ऐकू येतंय."

कानू हा इचलकरंजीच्या विणकर वस्तीतल्या दवाखान्यातला यंत्रमानव. शाळकरी नेहलएवढाच उंच. त्याच्या तळहातात बारीक मायक्रोफोन होता. मुलाच्या छातीवर हात ठेवून तो हृदयाचे आवाज ऐकायचा आणि काही वेगळं वाटलं तर नेहलच्या आत्याला, म्हणजे डॉक्टर सुनंदा बिरनाळे यांना सांगायचा. प्रयोगशाळेत त्याने ही परीक्षा उत्तम पार केली होती. पण दवाखान्याच्या तिन्ही बाजूंना यंत्रमाग होते. त्यांच्या खडखडाटात कानूला हृदय सापडतच नव्हतं.

समोर पाच वर्षांचा झैद बसला होता. खेळताना त्याला दम लागायचा. त्याची आई नसीमभाभी आणि त्याला कडेवर घेऊन आलेली मोठी बहीण अल्फिया शेजारी उभ्या होत्या.

"याला मी संध्याकाळी घरी तपासते, तिथे शांत आहे," आत्या त्यांना म्हणाली. त्या गेल्यावर मात्र ती खुर्चीत टेकली. "एका झैदला घरी नेता येईल गं. वस्तीतल्या सगळ्या मुलांचं काय? ज्यांच्या तक्रारी घरी कुणाच्या ध्यानातच आल्या नसतील, त्यांचं?"

झैदला काही गंभीर नव्हतं. रक्त कमी होतं, औषध सुरू झालं. पण आत्याचा तो प्रश्न नेहलच्या डोक्यातून जाईना.

"कानू, तुझं कोडं सोडवायला कोण लागेल?"

"आवाजाची गणितं येणारे. मागांची माहिती असणारे. मुलांना हाताळणारे. पण हे लोक कधी एका खोलीत बसत नाहीत."

"मग आपण बसवू!"

अशी शहरात आरोग्य हॅकेथॉनची (वेगवेगळी कामं येणाऱ्या लोकांनी एकत्र बसून, एखाद्या प्रश्नावर एकदोन दिवसांत चालणारा तोडगा तयार करायचा मेळावा) तयारी सुरू झाली. आत्याने वस्तीतल्याच शाळेचा हॉल मिळवला. नेहलने घरोघरी, कॉलेजात, कारखान्यांत निरोप दिले. पैसे कुणालाच मिळणार नव्हते, तरी अभियांत्रिकीची मुलं आली, दवाखान्यातल्या मंगल सिस्टर आल्या, माग दुरुस्त करणारे जॉबर गजानन कोष्टी आले. नसीमभाभींनी शेजारणींना घेऊन पोहे करायचं कबूल केलं.

शनिवारी सकाळी हॉल भरला आणि नेहलच्या लक्षात आलं की जो तो आपलं उत्तर खिशात घालूनच आलाय. कुणी औषधं पोचवणारं ड्रोन आणलं होतं, कुणी आहाराचं ॲप. ती बाकावर चढली.

"आधी सगळ्यांनी दवाखान्यात जाऊन बसायचं. मगच कामाला लागायचं."

"नुसतं बसून काय होणार?" यशोधन चौगुले नावाचा विद्यार्थी म्हणाला.

"बसून तर बघा, दादा."

यशोधन परत आला तेव्हा त्याचे कान दुखत होते. त्याने ड्रोनची पेटी बंद केली. "मंगल सिस्टर दिवसभर या आवाजात काम करतात?" एवढंच तो म्हणाला आणि कागद पुढे ओढून बसला.

पण उत्तर सहज मिळालं नाही. गजाननकाकांनी दवाखान्याजवळच्या मागाखाली रबराचे तुकडे बसवले. त्या मागाची धडधड कमी झाली, बाकीच्यांची होतीच. एका गटाने मूल मावेल अशी फोम लावलेली बंद पेटी केली. आत बसवलेलं पहिलंच बाळ इतकं रडलं, की मागाचा आवाज बरा म्हणायची पाळी आली. रविवारी दुपारी दोघेतिघे पिशव्या आवरू लागले. नेहलने त्यांना चहापुरतं थांबवलं. तिनेच तर सगळ्यांना बोलावलं होतं.

चहा आला. "चहा आलाय!" ती ओरडली. कुणाचं लक्ष नाही. "चहा आलाय! चहा आलाय!" हळूहळू मागच्या बाकांवरचे लोक उठू लागले. नेहल थबकली.

"कानू, मी आवाज तर वाढवला नव्हता. मग त्यांना कळलं कसं?"

"दर वेळी गोंगाट वेगळा होता," कानू म्हणाला. "पहिल्या वेळी 'चहा' बुडाला, दुसऱ्या वेळी 'आलाय' बुडाला. तुझं वाक्य मात्र तेच होतं. तुकडे जुळले."

"हृदयसुद्धा तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतं ना? लब-डब, लब-डब?"

यशोधनने चहाचा कप खाली ठेवला. "थांब, थांब! आवाज म्हणजे हवेचा दाब कमीजास्त होणं. दाब वाढला तर अधिक, कमी झाला तर उणे. एकेका ठोक्याची रेघ काढायची आणि सगळ्या रेघा एकावर एक ठेवून बेरीज करायची. हृदयाचा आवाज दर वेळी त्याच जागी येणार, म्हणून तो वाढत जाईल. मागाचा आवाज कधी अधिक, कधी उणे येणार. बेरजेत तो आपोआप खोडला जाईल!"

त्यांनी आई आणि अल्फियाबरोबर आलेल्या झैदवर करून पाहिलं. पडद्यावर नुसता धुरकट डोंगर उमटला.

"ठोके एकमेकांवर नीट बसत नाहीयेत," कानू म्हणाला.

"बसणारच नाहीत," मंगल सिस्टर म्हणाल्या. "लहान मुलांची नाडी श्वास घेताना जलद होते, सोडताना मंदावते. तुम्ही सगळे ठोके सारख्या अंतरावर धरलेत."

"मग प्रत्येक ठोका कधी सुरू झाला, ते हृदयालाच विचारू!" नेहलने टेबलावरचा बोटाला लावायचा चिमटा उचलला. त्यातला दिवा बोटातल्या रक्ताची लाट टिपतो. "लाट आली की नवा ठोका. तिथून मोजायचं."

"आता कोण बसतं?" यशोधनने विचारलं. झैद कंटाळून पोह्यांकडे पळाला होता.

"मी बसते," अल्फिया म्हणाली.

बाहेर माग गरजत होते. कानूने तळहात टेकवला. पडद्यावरची वेडीवाकडी रेघ हळूहळू निवळत गेली. दोन स्वच्छ उंचवटे वर आले. लब. डब. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. कानूने मात्र हात उचलला नाही.

"डॉक्टर, दोन्हींच्या मध्ये बारीक सरसर आहे. तुम्ही ऐका."

आत्याने ऐकलं. पुन्हा ऐकलं.

"मला काही होत नाही," अल्फिया घाईने म्हणाली. "मी झैदला उचलून जिना चढते."

"माहितेय, बाळा. असे आवाज पुष्कळदा निरुपद्रवी असतात. पण तुझ्या हृदयाची सोनोग्राफी करून खात्री करू."

सोनोग्राफीत दिसलं, की अल्फियाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून छिद्र होतं. आणखी काही वर्षं कळलं नसतं, तर हृदय दमत गेलं असतं. वेळेवर कळल्यामुळे छाती उघडावी लागली नाही. पायाच्या शिरेतून बारीक नळी नेऊन डॉक्टरांनी ते छिद्र बुजवलं.

नसीमभाभी दवाखान्यात आल्या त्या थेट कानूपुढे उभ्या राहिल्या. त्यांनी आपल्या ओढणीने त्याचा तळहात पुसला. कानू तसाच हात पुढे करून उभा राहिला.

त्यानंतर वस्तीतल्या सगळ्या शाळांमधल्या मुलांची तपासणी सुरू झाली, भर दिवसा, माग चालू असताना.

पावसाळा सरल्यावर एका साखर कारखान्याच्या गावातून आत्याला फोन आला. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची बाळं आजारी पडली, तर ते फार उशिरा कळतं, काही करता येईल का, असं तिथल्या सिस्टर विचारत होत्या. पुढच्याच रविवारी दवाखान्यासमोर गाडी उभी राहिली. यशोधन आला, गजाननकाका आले, कानूला मागच्या बाजूला नीट बसवलं. नेहल चढली तेव्हा खिडकीजवळची जागा आधीच गेली होती.

"उशीर केलास," अल्फिया सरकून बसत म्हणाली. "मला सांग, बोलता न येणाऱ्या बाळाला दुखतंय हे ओळखायचं कसं?"

"अजून माहीत नाही," नेहल म्हणाली, आणि गाडी निघाली.