अर्धी दाढी

दहाला टॅक्सी येणार होती आणि सासऱ्यांची बॅग दाराशी भरून उभी होती... तिच्या एका वाक्यामुळे!

"बाबा, या घरात एकतर तुमचा तो जुना रेझर राहील, नाहीतर माझं बाळ!" महिन्यापूर्वी रांगत्या बाळाची बोटं त्या रेझरवर कापली, तेव्हा ती जिवाच्या आकांताने ओरडली होती. बाबा एवढंच म्हणाले होते, "चुकलं माझं." त्या दिवसापासून त्यांनी दाढीच केली नव्हती, आणि आता ते कायमचे लेकीकडे निघाले होते.

आज मात्र त्यांनी खिडकीशी आरसा मांडला. "लेकीने ओळखायला नको का मला?"

ती उंबऱ्यात उभी राहिली. आली होती नजर ठेवायला, पण नजर खिळूनच राहिली! जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले ते हात... ब्रश गरम पाण्यातून निथळून साबणाच्या वाटीत गरगर फिरला आणि बघता बघता गालावर दाट, शुभ्र फेस चढला. मग तो जड पितळी रेझर, जरासुद्धा जोर न लावता, स्वतःच्याच वजनाने कानापासून हनुवटीकडे उतरू लागला. बारीक खर्रखर्र, आणि मागे उजळत जाणारा गाल! बाबांचे डोळे तृप्तीने अर्धवट मिटले होते. एवढंसं सुख या माणसाचं... आणि तेही आपण हिरावून घेतलं?

तेवढ्यात बाळ नवऱ्याच्या हातून निसटून रांगत आत आलं. "आले का साहेब!" बाबा म्हणाले. पण त्याला उचलण्याआधी त्यांनी दांडा फिरवला, रेझरचे तिन्ही भाग सुटे केले, पातं कागदात गुंडाळून कपाटाच्या वर ठेवलं... आणि मगच हात पुढे केले. सगळं दोन श्वासांत, न बघता!

"बाबा... नेहमी असंच करता?"

"हा जन्मल्यापासून. हाताला सवयच लागलीये." बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

तिने कपाटावरच्या त्या कागदाच्या पुडीकडे पाहिलं. "मग त्या दिवशी पातं आत कसं राहिलं?"

बाळामागे दारात आलेला नवरा पांढराफटक पडला. "मी... घाईत बाबांचा रेझर वापरला आणि तसाच खाली ठेवून गेलो. सांगणार होतो गं, पण बाबांनी शपथ घातली..."

"आणि तू महिनाभर गप्प बसलास?"

"त्याला नको बोलूस, पोरी," बाबा कासावीस होऊन म्हणाले. "माझ्यावरचा राग तू कधीतरी विसरली असतीस. पण त्याच्या हाती बाळ देताना रोज तुझा जीव दचकला असता... तो संसार कसा झाला असता?"

तिला हुंदका आवरेना. "आणि मी तुम्हालाच घराबाहेर काढत होते!"

खाली हॉर्न वाजला. तिने तसंच खिडकीतून वाकून ओरडून सांगितलं, "दादा, जा तुम्ही! कोणी येत नाहीये!"

बाबांनी फेस लागलेलं बाळ तिच्या कडेवर दिलं, डोळे पुसले आणि रेझरचे तिन्ही तुकडे लेकापुढे सरकवले.

"बस इथे. आधी हा जोडून सुटा करायला शिक. दाढी मग."