लाल ठिपक्याचा रिमोट

निहारच्या बोथ गावातल्या घरात एक अख्खं कपाट जुन्या टीव्ही गेमचं होतं. नऊ यंत्रं, शंभरेक कॅसेटी, आणि त्यांच्यासाठी मुद्दाम राखलेला डब्बा टीव्ही. पंचेचाळिशीचा माणूस सुटीच्या दिवशी कॅसेटीत फुंकर मारत बसतो म्हणून कचेरीतले लोक हसायचे. निहार त्यांना हसू द्यायचा. तो कशाच्या मागं लागलाय, ते त्याच्या आईलाच ठाऊक होतं.

मार्चमध्ये बेल्लमपल्लीच्या एका भंगारवाल्याकडं ते यंत्र सापडलं. तिथल्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये राहत असताना वडिलांनी आणलेलं, आणि धाकटी बहीण ओवी गेल्यावर आईनं विकून टाकलेलं. दुसऱ्या रिमोटवर नेलपॉलिशचा लाल ठिपका अजून होता. तो सात वर्षांच्या ओवीनं लावला होता. "हा माहा हाय. कोनी हात नाई लावाचा."

ओवी गेली त्या उन्हाळ्यात तो रिमोट एकदाही जोडलेला नव्हता. निहार एकट्याचाच खेळ लावायचा, "आता तुई पाळी" म्हणायचा आणि खेळायचा स्वतःच. ओवी जीव तोडून बटणं दाबायची, जिंकली की घरभर नाचायची. निहारच्या पाळीला पडद्यावरच्या ढगाकडं बोट दाखवून "ढगाले मार ना," म्हणून ओरडायची. त्यानं कधी मारलं नाही. एके दुपारी यंत्रामागं आपल्या रिमोटची सुटी पडलेली वायर तिला दिसली. ती रडली नाही, भांडली नाही. वायरीचं नीट वेटोळं केलं, वेणीची रिबीन सोडून त्यावर गाठ मारली आणि उठून गेली. पंधरा दिवसांत तापानं ती गेली. तेवढे दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. चुकलो म्हणायचं राहून गेलं, आणि ते तेहतीस वर्षं त्याला सलत होतं.

पहिल्या रविवारी त्यानं दोघांचा खेळ लावला, दोन्ही रिमोट जोडले. निळा माणूस त्याचा, लाल तिचा. निळा नेहमीसारखा पुलावरून पडला. तो पूल त्याला लहानपणीही जमला नव्हता. मग लालची पाळी आली. लाल क्षणभर उभा राहिला आणि चालू लागला.

जुनं यंत्र, बटण अडकलं असेल. निहारनं रिमोट खोलून स्पिरिटनं पुसला. पुढच्या रविवारी तर त्याची वायरच काढून ठेवली.

लाल तरीही चालला. वाटेत थांबून त्यानं रिकाम्या ढगाला दोनदा धडक मारली.

निहारची आई वनमालाबाई चहा घेऊन आल्या. "कोनासोबत खेळून राह्यला रे?"

"कोनासोबत नाई, आई."

त्यांनी जमिनीवरचा लाल ठिपक्याचा रिमोट उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"मंग हा गरम काऊन हाय?"

उत्तराची वाट न पाहता त्या आत गेल्या. दार लोटून घेतलं.

तिसऱ्या रविवारी निहारनं तो रिमोट पुन्हा जोडला. "ओवे, चुकलं माहं," तो मोठ्यानं म्हणाला. "आता खरी पाळी घे."

लाल हलला नाही. उभ्या उभ्या मेला.

निळ्याची पाळी आली, आणि निहार कधी खेळला नव्हता असा खेळला. बोट चुकेना. पूल आला, पूल ओलांडला. तो लहान पोरासारखा हसला, डोळे भरून आले. ओवीनं माफ केलं होतं.

तळवे घामेजले होते. पुसायला त्यानं रिमोट मांडीवर ठेवला.

निळा थांबला नाही.

त्यानं ढगाला दोनदा धडक मारली.

निहारनं खाली पाहिलं. त्याच्या रिमोटची वायर यंत्रापर्यंत गेलेलीच नव्हती. गुडघ्यापाशी तिचं नीट वेटोळं पडलं होतं, आणि त्यावर वेणीच्या रिबिनीची गाठ होती.