हाकेवाचून आलेलं फंक्शन

देवाला स्मरून सांगते, यातला एक शब्दही पदरचा नाही. माझ्या धाकट्या नणंदेच्या बाबतीत घडलेलं आहे.

रविवार. भर दुपारचे दोन. तिच्या ऑफिसचा तिसरा मजला.

तान्ह्या बाळांना श्वास पुरवणारं यंत्र टेबलावर होतं. त्याचा कर्नेल, म्हणजे आतला सगळा कारभार हाकणारा मूळ प्रोग्राम, नणंदेच्या हाती. सोमवारी यंत्र वॉर्डात जायचं होतं. त्याआधी तिची सही हवी.

आणि यंत्र मध्येच थबकत होतं...

बरोब्बर अकरा सेकंद.

"अकरा सेकंदांत काय आभाळ कोसळतंय, ताई?" तिच्याबरोबर यंत्राच्या चाचण्या घेणारा टेस्टर म्हणाला.

"ये इकडे, नाक दाबून धरते. मग सांग!"

तिने ट्रेसर लावला. कर्नेलमधलं फंक्शन, म्हणजे एकेक ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा, धावलं रे धावलं की त्याची त्यात नोंद होते. कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारून कामाला लावलं, त्याची उतरंड म्हणजे स्टॅक ट्रेस. तिथे हाकेवाचून कोणी येत नाही.

यंत्र थबकलं.

उतरंड पडद्यावर आली...

एकच ओळ.

'जरा_थांब'.

तिने ती ओळ पुन्हा वाचली.

हे फंक्शन ऑफिसातल्या सबुरीकाकांनी लिहिलेलं. ऊठसूट "सबुरी, सबुरी" म्हणायचे, म्हणून ऑफिसने ठेवलेलं नाव. काका गेल्या वर्षी वारले. त्यांचं फंक्शन नुसतं क्षणभर थांबायचं आणि हवेचा दाब पुन्हा वाचायचं. वर टीप होती, 'काढू नये.' कारण लिहिलेलं नव्हतं. महिन्यापूर्वी नणंदेनेच ते काढून टाकलं. म्हाताऱ्याची अडगळ म्हणून!

"यंत्रावर जुनीच फाईल चढली असेल," टेस्टर म्हणाला.

दोघांनी यंत्रातलं सगळं पुसून प्रोग्राम नव्याने तयार केला. कोडमध्ये शोधलं. नाही. त्यातून बनलेल्या, यंत्रावर चढवायच्या फाईलमध्ये शोधलं. नाही.

यंत्र सुरू केलं...

अकरा सेकंद. तीच ओळ. हाक मारणारं कोणी नाही.

टेस्टरची थट्टा कुठल्या कुठे गेली. "ताई, ठेव ना ते परत. काकांचं ऐकू या."

तिने ते होतं तसं परत ठेवलं. तासभर सगळं सुरळीत. चाचणीचं रबरी फुप्फुस फुगत होतं, बसत होतं. तिने पेन उघडलं.

फुप्फुस थांबलं...

ट्रेसमध्ये 'जरा_थांब' होतं. दोन वेळा.

पहिल्याला तिच्या कोडने हाक मारली होती.

दुसऱ्याला... कोणीच नाही.

सही झाली नाही. साहेब चिडले. वॉर्डातून फोनवर फोन. "बाळं खोळंबलीत हो," असं तिकडून म्हणाले तेव्हा ती ढसाढसा रडली. पण सही केली नाही.

परवा माझ्याकडे आली होती. मी पाठीवरून हात फिरवला. "अगं, भला माणूस होता तो. गेलेल्याला काय भ्यायचं? देव आहे ना पाठीशी."

"काकांना कुठे भितेय, वहिनी?" ती म्हणाली. "ते आत काहीतरी बघून थांबतात. काय बघतात... ते मला अजून दिसत नाहीये."