विणकरी गाठ

ऋतुराज, मोबाईल खाली ठेव. आणि अजिंक्या, तू कशालाच भीत न्हाईस ना? मग दाराकडं पाठ करून तूच बस.

हे माझ्या दोस्ताच्या, जोतिरामच्या बाबतीत घडलेलं. भवानी पेठेत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. गेल्या डिसेंबरातला गुरुवार. त्याचे गुरू शिवयोगी वारून वर्ष झालेलं. त्यांची बायको कमलम्मा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं कायमची लेकीकडं अकलूजला निघालेली. जाण्याआधी टेपवरचा नवऱ्याचा आवाज त्यांच्याच जुन्या, काचेच्या वॉल्व्हच्या अँप्लिफायरवर एकदा ऐकायचा, एवढंच मागणं. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळालेला. जोतिरामनं नवा बसवला.

आता मी सातवी नापास, तरी सांगतो. स्पीकरकडनं एक तार मागं पहिल्या वॉल्व्हकडं जाते. थोडा आवाज उलटा करून परत नेते अन् मशीनला चुकू देत न्हाय. सासूसारखी. पण ट्रान्सफॉर्मरची दोन टोकं अदलाबदल झाली, की तीच सासू चिथावते आणि मशीन किंचाळतं. शिवयोगी आधी मागावर विणायचे. बरोबर टोक सापडलं की त्याला सुताची विणकरी गाठ मारायचे. म्हणायचे, तारेच्या रंगावर जाऊ नको.

जोतिराम रंगावर गेला.

रात्री पावणेबाराला बटण दाबलं. किंचाळी. बंद केलं. परत दाबलं. परत तेच. परत बंद. आणखी एकदा असं झालं तर वॉल्व्ह जाणार, अन् तसले आता मिळत न्हाईत. घाबरून तो खोट भलतीकडंच शोधत बसला.

साडेबाराला लाइट गेली.

काळोख. करंट न्हाय. तरी स्पीकरमधनं… खटक… खटक… माग चालल्यासारखं.

‘शिवअण्णा?’

थांबलं.

मग… तारा जोडायच्या गरम सोल्डरचा वास.

जोतिराम हलला न्हाय.

एक वाजून दहाला लाइट आली. धीर करून बटण दाबलं. वॉल्व्ह तापले. त्यानं कानांवर हात ठेवले.

किंचाळी न्हाय.

ट्रान्सफॉर्मरची दोन्ही टोकं अदलाबदल केलेली. एकाला पांढऱ्या सुताची गाठ. सोल्डरिंग गन थंडगार.

सकाळी कमलम्मानं टेप ऐकली. ती गाठ बोटांनी चाचपली. ‘ह्यांचीच हाय,’ एवढंच म्हणाली.

ती गेल्यावर जोतिरामनं माझी कॉलर धरली. त्याच्या डब्यात बेडूक सोडणारा मी, दुसरा संशय कुणावर घेणार? सूत हातात देऊन म्हणाला, ‘मार गाठ.’

तासभर खटपट केली, पोरांनो. जमली न्हाय. आजही जमत न्हाय.

जन्मभर मी खोड्या नाकारत आलो. ही तेवढी माझी असती, तर बरं झालं असतं.