एकाच नंबरचा तांडा

“नानीबाई राठोड बोलताय का?”

“आवाजावरून तसं वाटून राहिलं का?” पलीकडून एक भरदार पुरुषी आवाज हसला.

मी जीभ चावली. वसमतच्या एका दवाखान्यात पेशंटांच्या नोंदी जुळवायचं माझं काम. पुढच्या नावाला फोन लावला, तर तोच आवाज! तिसऱ्यालाही... तोच.

“मॅडम, सगळे दिवसभर हळदीच्या रानात. फोन उचलणारा मी एकटा दुकानदार. म्हणून सगळ्यांनी माझाच नंबर देला. मी ओमप्रकाश. तुमी?”

“करुणा... आणि जन्मतारीखही सगळ्यांची एक जानेवारी?”

“व्हय! अख्खा तांडा एकाच दिवशी जन्मला.”

त्या नंबरवर एकेचाळीस माणसं होती, त्यात नानीबाई राठोड तिघी. मी रोज एकेकाचा घोळ सोडवायची. खरं सांगते, एका फोनचं काम मी मुद्दाम तीन फोनांत करायची.

मग एका सकाळी ओमप्रकाश माझ्या खिडकीसमोर उभा राहिला; बोलला तेव्हा आवाजावरून ओळखलं. फोनवरचं ते हसू कुठल्या कुठे पळालेलं.

“करुणा मॅडम, ही माझी याडी... माझी आई. पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, आत्ताच.”

नानीबाई बाकावर पोट धरून बसली होती. समोर उघडलेल्या फाइलीत लिहिलं होतं, कुठल्याच औषधाचा त्रास नाही. पण ही फाइल तिघींपैकी नेमकी कोणाची?

“एक सुई सोसली नव्हती मला,” ती पुटपुटली. “ह्या थोरल्याच्या बाळंतपणात. श्वासच अडकला व्हता.”

पहिलं बाळंतपण... म्हणजे माहेरी!

“माहेर कुठलं? वडलांचं नाव?”

“डोंगरकड्याकडं. भावसिंग चव्हाण.”

माहेरच्या आडनावाने झालेली ती नोंद राठोडांत शोधून कशी सापडणार? मी डोंगरकड्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरांना फोन लावला. जुनं रजिस्टर शोधायला वीस मिनिटं लागली. ओमप्रकाश माझ्याकडे बघत होता, मी फोनकडे. अखेर त्या पानाचा फोटो आला: नानीबाई भावसिंग चव्हाण, पहिला मुलगा, आणि लाल शाईत त्या इंजेक्शनचं नाव.

आज तेच द्यायचं होतं! डॉक्टरांनी ते बदललं. दुपारी नानीबाई शुद्धीवर आली आणि तिने सगळ्यात आधी चहा मागितला. मी आनंदाने एवढ्या जोरात ओरडले की अख्खा दवाखाना वळून बघायला लागला.

पुढचे दोन महिने तांड्यात जाऊन मी प्रत्येकाला वडलांचं नाव आणि घरातला दुसरा नंबर विचारला, बायांना माहेरही. ओमप्रकाशच्या नंबरवरून एकेक नाव उतरत गेलं. शेवटी एकच उरलं, त्याचं स्वतःचं. काम फत्ते... आणि फोन करायला कारणच उरलं नाही. जीव मात्र तिथेच गुंतलेला.

सतरा ऑगस्टला मी तरीही फोन लावला.

“आता कोणती नानीबाई?”

“कोणतीच नाही. डोंगरकड्याच्या रजिस्टरात तुमची जन्मतारीख होती. आज वाढदिवस आहे तुमचा... खरा.”

तो हळूच म्हणाला, “करुणा... ह्या नंबरवर आता मी एकटाच राहिलो. करमून न्हाई राहिलं.”

“मग... माझं नाव लिहू?”

“लिहा. पण परत काढायचं न्हाई... बराबर?”

मी हसले. दवाखान्यातल्या माझ्या स्वतःच्या नोंदीत, ‘जवळचं माणूस’ या रकान्यात, मी तो नंबर सकाळीच भरला होता.